चालत्या घराचा वीजसांठा

पूर्वीं तीर्थयात्रेस निघतांना घरांतील वडील मंडळी प्रथम शिधा मोजीत. माणसें किती, मुक्काम किती, वाटेंत बाजार कोठें लागेल आणि किती दिवस लागणार नाहीं, हें सर्व मनांत धरून मगच तांदूळ-डाळीच्या पिशव्या शिवल्या जात. पिशवी आधीं शिवून तींत मावेल तेवढ्यावर यात्रा भागवावी, असें कोणी करीत नसे. परंतु हल्लीं मोटारीवर बांधलेलें घर घेऊन प्रवासास निघणारे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ विजेच्या बाबतींत नेमकें हेंच करितात. दुकानांत जाऊन "चांगली बॅटरी द्या" म्हणतात, दुकानदार देईल ती घेऊन येतात, आणि तिसऱ्या रात्रीं अंधारांत बसून बॅटरीस दोष देतात.

हा विषय या महिन्यांत घेण्यास एका पत्राचें निमित्त झालें. आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत कोलोरॅडो राज्यांत सहकुटुंब राहतो. त्यानें वापरलेलें एक मोटार-घर विकत घेतलें असून, येत्या जूनच्या आरंभीं यलोस्टोनचें राष्ट्रीय उद्यान पाहण्यास जाण्याचा सर्वांचा बेत आहे. बरोबर पत्नी, दोन मुलें, आणि पुण्याहून गेलेले त्याचे आईवडील. मातुःश्रींचें वय ७१. निद्रेंत श्वास अडखळण्याचा त्यांस विकार असल्यामुळें डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्या रोज रात्रीं सीपॅप नांवाचें यंत्र लावून निजतात, आणि तें यंत्र विजेवर चालतें. यलोस्टोनमधील तळांपैकीं मोटार-घरास विजेची जोडणी मिळते ती एकट्या फिशिंग ब्रिज येथील तळावर. तेथें यांस जागा मिळाली नाहीं. तेव्हां चार रात्री जोडणीवांचून काढावयाच्या आहेत. "आई म्हणते, माझ्या यंत्रापायीं तुमची ओढाताण नको, मी घरींच राहतें, तुम्ही मुलांना घेऊन जा. गुरुजी, कोणती बॅटरी घ्यावी, किती घ्यावी आणि ती भरावी कशी, हें नीट कळलें तर आईला नेतां येईल," असें तो लिहितो. प्रश्न वरवर बॅटरीचा दिसतो. परंतु घरांतील वडील माणसानें मागें राहावयाचें कीं सर्वांबरोबर जावयाचें, हा त्याच्या पोटांतील प्रश्न आहे. म्हणून उत्तर सविस्तर देणेंच योग्य.

प्रथम एक भेद ध्यानांत ठेवावा. मोटार-घरांत दोन निरनिराळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्याची. तिच्यांत पातळ पत्रे पुष्कळ असतात. कांहीं क्षण फार मोठा प्रवाह द्यावा आणि इंजिन चालूं लागतांच पुन्हां भरून घ्यावें, एवढेंच तिचें काम. पैलवानानें दम धरून एकदां गोणी उचलावी, तसें हें आहे. दुसरी घराची. तिचे पत्रे जाड असतात, आणि तिनें मंद परंतु तासन् तास वीज पुरवावी अशी अपेक्षा असते. हें पालखीच्या भोयांचें काम. इंजिनाची बॅटरी घराच्या कामास जुंपून चार-दोन वेळां तळापर्यंत रिकामी केली कीं ती निकामी होते. म्हणून दोहोंच्या मध्यें असा विभाजक असावा कीं घराची वीज संपली तरी सकाळीं इंजिन सुरू व्हावें.

आतां माप. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपियर म्हणजे प्रवाह, दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. आणि वॅटांस तासांनीं गुणिलें म्हणजे वॅट-तास. खर्चाचें खरें माप हेंच. १२ व्होल्टांच्या बॅटरीवर १०० अँपियर-तास असें लिहिलें असेल तर तिच्यांत १,२०० वॅट-तास आहेत असें समजावें.

या मापानें सहा जणांचा एका दिवसाचा शिधा मोजूं. मातुःश्रींचें यंत्र, त्यांतील हवा गरम व दमट करणारा भाग बंद ठेवल्यास, सुमारें ३५ वॅट घेतें. आठ तासांचे २८० वॅट-तास झाले. ४५ वॅटांचा फ्रिज दिवसांतील निम्मा वेळ चालतो असें धरलें तर ५४०. घर उबदार ठेवणारी भट्टी गॅसवर जळत असली तरी तिचा पंखा विजेवर फिरतो. ९६ वॅटांचा पंखा थंड रात्रीं एकूण चार तास चालला तर ३८४. पाण्याचा ८४ वॅटांचा पंप अर्धा तास, ४२. तीन-तीन वॅटांचे पांच दिवे चार तास, ६०. मोबाइल फोन भरण्यास ६०. गॅसगळतीची व विषारी वायूची सूचना देणारीं यंत्रें ३ वॅटांवर अहोरात्र, ७२. एकूण १,४३८ वॅट-तास. अकल्पित खर्चासाठीं पंचमांश अधिक धरला म्हणजे सुमारें १,७२५ होतात. प्रत्येकानें आपापल्या यंत्रावरील आंकडे वाचून हा हिशेब कागदावर मांडावा. आमचे आंकडे केवळ रीत दाखविण्यास दिले आहेत.

या हिशेबांत चहाची विजेची किटली धरलेली नाहीं, ती मुद्दामच. १,५०० वॅटांची किटली १२ व्होल्टांच्या बॅटरींतून १२५ अँपियर ओढते, आणि इन्व्हर्टरमध्यें होणारी तूट त्यावर आणखी. भाताचा ५०० वॅटांचा कुकर अर्धा तास ठेवला तर २५० वॅट-तास गेले, म्हणजे मातुःश्रींच्या जवळजवळ एका रात्रीचा श्वास गेला. उलट तितक्याच वॅटांचा मिक्सर चटणीसाठीं तीन मिनिटें फिरविला तर केवळ २५ खर्च होतात. घरांतील भगिनींनीं एवढें सूत्र ध्यानांत ठेवावें कीं विजेनें फिरविणें स्वस्त आहे, तापविणें महाग आहे. चहा आणि भात गॅसवर करावा, चटणी खुशाल वाटावी. सीपॅप यंत्रांतहि हवा तापविणारा भाग चालू ठेवला तर त्याचा खर्च दुप्पट किंवा अधिक होतो. तो चार रात्री बंद ठेवला तर चालेल कीं नाहीं, हें मात्र डॉक्टरांसच विचारावें. तेथें काटकसरीचें शास्त्र चालवूं नये.

शिधा ठरला, आतां पिशवीचा विचार. शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ मध्यें सिद्ध केली, आणि तिचें मूलतत्त्व आजहि तेंच आहे. एका बाजूस शिशाचा ऑक्साइड, दुसऱ्या बाजूस सच्छिद्र शिसें, आणि मध्यें सौम्य गंधकाम्ल. वीज देतांना दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर शिशाचा सल्फेट बसतो. भरतांना तो पुन्हां विरघळतो. परंतु बॅटरी रिकाम्या स्थितींत पडूं दिली तर त्या सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात आणि मग ते सहजासहजीं विरघळत नाहींत. शिशाच्या बऱ्याच बॅटऱ्या म्हाताऱ्या होण्याआधींच मरतात, त्या यामुळें. म्हणून तिच्यांतील निम्मीच वीज वापरावी आणि उरलेली निम्मी मुद्दलासारखी राखावी, असा दंडक आहे. शिवाय तिच्यावरील अँपियर-तासांचा आंकडा बहुधा २० तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबानें दिलेला असतो. घाईनें ओढली तर ती तेवढी देत नाहीं. हा नियम पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ मध्यें मांडला. या जातींत पाणी घालावयाची, कांचतंतूंच्या गादींत आम्ल शोषून ठेवलेली, आणि आम्लाचा घट्ट रस केलेली, असे तीन पोटभेद आहेत. पहिली स्वस्त परंतु निगा मागणारी, दुसऱ्या दोन बंद आणि महाग.

दुसरी जात लिथियम लोह फॉस्फेटची. टेक्सस विद्यापीठांत जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेंत या द्रव्याचा शोध लागला, आणि १८९७ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९९७ मध्यें, त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्या निबंधावर गुडइनफ यांच्या आधीं पाढी व नंजुंडस्वामी या दोन शास्त्रज्ञांचीं नांवें आहेत, हें आपल्या मुलांना अवश्य सांगावें. गुडइनफ यांस पुढें २०१९ मध्यें इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. लिथियमच्या सर्व जातींत ही अधिक शांत स्वभावाची आहे, सहजासहजीं पेट घेत नाहीं. तिच्यांतील ८० टक्के वीज निःशंक वापरतां येते. १०० अँपियर-तासांची शिशाची बॅटरी सुमारें ३० किलोग्रॅम भरते, तर ही १२-१३. शिशाची कांहीं शें वेळां रिकामी-भरती होऊं शकते, ही कांहीं हजार वेळां. किंमत मात्र आरंभीं अधिक पडते.

आतां भागाकार करूं. १,७२५ वॅट-तासांस १२ नें भागिलें तर सुमारें १४४ अँपियर-तास येतात. शिशाची निम्मीच वापरावयाची म्हणून २८८ पाहिजेत. म्हणजे शंभराच्या तीन बॅटऱ्या आणि ९० किलोग्रॅम वजन. लिथियमच्या दोन बॅटऱ्यांत २,५६० वॅट-तास असतात, त्यांचे ८० टक्के म्हणजे २,०४८. खर्च भागून कांहीं शिल्लक राहते. जो गृहस्थ वर्षांतून एक-दोनदांच निघतो आणि बहुधा जोडणी असलेल्या तळावर राहतो, त्यानें शिशाचीच घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु आमच्या विद्यार्थ्यास जोडणीवांचून राहावयाचें आहे, म्हणून त्यानें लिथियमच्या दोन घ्याव्या. त्याचें मुख्य कारण वजन नव्हे, तर भरण्याची रीत होय.

रांजण भरतांना आरंभीं धार मोठी सोडतां येते, काठाजवळ आल्यावर ती बारीक करावी लागते. शिशाची बॅटरीहि तशीच तीन टप्प्यांनीं भरते. त्यांस आम्ही भरण, मुरवण आणि राखण अशीं नांवें देतों. भरणांत मोठा प्रवाह जातो. मुरवणांत दाब १४.४ ते १४.८ व्होल्टांवर स्थिर राहून प्रवाह हळूहळू कमी होतो, राखणांत १३.५ च्या आसपास दाब ठेवून भरलेली बॅटरी भरलेलीच राहते. पहिले चार आणे रिकामे असोत कीं आठ आणे, ते लवकर भरतात. शेवटचे तीन आणे मुरण्यास मात्र कित्येक तास लागतात. यलोस्टोनमध्यें ज्या तळांवर जनित्रास परवानगी आहे तेथेंहि तें सकाळीं ८ ते रात्रीं ८ एवढ्याच वेळांत चालवितां येतें, आणि शेजाऱ्यांच्या कानांशीं तासन् तास तें धडधडत ठेवणें शिष्टाचारासहि धरून नाहीं. त्यामुळें शिशाची बॅटरी रोज अर्धपोटीं राहते आणि वर सांगितलेले स्फटिक वाढूं लागतात. लिथियमची जवळजवळ शेवटपर्यंत मोठा प्रवाह घेते, तिला मुरवण नांवापुरतेंच लागतें, आणि अर्धपोटीं राहिल्यानें तिचें कांहीं बिघडत नाहीं. १४.२ ते १४.६ व्होल्टांवर ती भरते. म्हणून जुन्या घरांतील चार्जर आधीं तपासावा. पुष्कळ जुने चार्जर १३.६ च्या आसपास एकाच दाबानें वीज देतात. ते कोणतीच बॅटरी वेळेंत पुरती भरीत नाहींत. बॅटरीबरोबर लिथियमला साजेसा चार्जर घेतला नाहीं तर नव्या पखालीस जुना नळा लावल्यासारखें होईल.

भरण्याचे मार्ग तीन. पहिला सूर्य. छतावर ४०० वॅटांचे पत्रे बसविले आणि पांच तासांचें खणखणीत ऊन धरलें तर २,००० होतात. त्यांतून तूट वजा जातां १,४०० हातीं येतील असें मानावें. म्हणजे निरभ्र दिवशीं एका दिवसाचा खर्च जवळजवळ भागतो. परंतु देवदार-पाइनच्या दाट सावलींत गाडी उभी केली किंवा आभाळ आलें तर निम्मेहि मिळणार नाहींत. दुसरा मार्ग चालत्या इंजिनाचा. येथें सावध राहावें. लिथियमची बॅटरी इतकी अधाशी असते कीं सरळ तारेनें जोडल्यास इंजिनाचें जनित्र तापून जळूं शकतें. मध्यें प्रवाहास आवर घालणारें डीसी-डीसी चार्जर अवश्य बसवावें. तें ३० अँपियरचें असलें तर तीन तासांच्या प्रवासांत सुमारें १,१७० वॅट-तास भरतात, आणि उद्यानांतील अंतरें लांब असल्यामुळें तेवढें फिरणें रोज सहज होतें. तिसरा मार्ग जनित्राचा. ४० अँपियरचा चार्जर लावून दुपारीं दोन तास तें चालविलें तर हजारावर वॅट-तास मिळतात. पहिले दोन रोजचे आणि तिसरा अडीअडचणीचा, असा क्रम ठेवावा.

आतां थंडीची गोष्ट. ती या प्रवासांत सर्वांत महत्त्वाची आहे. यलोस्टोनचा बराच भाग समुद्रसपाटीपासून ७,००० फुटांहून उंच आहे आणि जूनच्या आरंभीं तेथें रात्रीं पाणी गोठूं शकतें. लिथियमची बॅटरी गोठणबिंदूखालीं वीज देते, परंतु घेऊं शकत नाहीं. शून्य अंशाखालीं तिच्यांत वीज ढकलली तर लिथियम आंत शिरण्याऐवजीं पत्र्यावर धातुरूपानें बसतें, आणि ती हानि पुन्हां भरून येत नाहीं. चांगल्या बॅटरींतील रक्षक-यंत्र अशा वेळीं भरणें आपण होऊन थांबवितें. ऊन पडलें तरी बॅटरी भरत कां नाहीं, म्हणून मग गृहस्थ गोंधळतो. याकरितां बॅटऱ्या बाहेरच्या पेटींत न ठेवतां राहत्या भागांत, पलंगाखालीं किंवा बाकाखालीं ठेवाव्या, आणि शक्य तर आंतच उबेची सोय असलेल्या घ्याव्या. शिशाच्या बॅटरीचें पथ्य निराळें. ती थंडींत भरतां येते, परंतु रिकामी राहिली तर तिच्यांतील आम्ल पाण्यासारखें पातळ होऊन गोठतें व पेटी फुटते. हिंवाळ्यांत गाडी बंद ठेवतांना शिशाची पूर्ण भरून आणि लिथियमची सुमारें निम्मी भरून तारा सोडून ठेवावी.

किती वीज उरली हें कळण्यास शिशाच्या बॅटरीचा विश्रांतींतील दाब पाहतां येतो, १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमचा दाब मात्र बराच वेळ १३.२ च्या आसपास स्थिर राहून शेवटीं एकदम कोसळतो. म्हणून आंत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपियर मोजणारा मापक ऋण टोंकाच्या तारेवर बसवावा. त्याची नोंद सकाळ-संध्याकाळ वहींत करण्याचें काम वडिलांकडे सोंपवावें. जमाखर्चाची संवय असलेल्या माणसास हें काम आवडतें, आणि तें त्यांच्याइतकें काटेकोर दुसरें कोणी करणार नाहीं.

सुरक्षिततेच्या चार गोष्टी कधींहि टाळूं नयेत. धन टोंकापासून अगदीं जवळ योग्य फ्यूज बसवावा, कारण घर्षणानें तार उघडी पडली तर क्षणांत ती लाल होते. जुनी-नवी किंवा दोन जातींच्या बॅटऱ्या एकत्र जोडूं नयेत. पाणी घालावयाच्या शिशाच्या बॅटरींतून भरतांना हायड्रोजन निघतो, आणि हवेंत तो ४ टक्के झाला कीं ठिणगीनें भडकूं शकतो. म्हणून तिची पेटी बाहेर हवा जाईल अशी असावी. चौथी गोष्ट जनित्राच्या धुराची. त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेल्या माणसास तो जागें होण्याची संधि देत नाहीं. जनित्र खिडकीपासून दूर ठेवावें, आणि सूचनायंत्र निघण्यापूर्वीं दाबून पाहावें.

राहिला मातुःश्रींचा प्रश्न. त्यांचें यंत्र इन्व्हर्टरवर न लावतां, त्या यंत्राच्या कारखान्यानें सांगितलेल्या डीसी जोडणीनें सरळ बॅटरीवर चालवावें. तूट वांचते आणि इन्व्हर्टर बिघडला तरी श्वास अडत नाहीं. दुसरें, एका रात्रीस पुरेल अशी एक लहान स्वतंत्र बॅटरी केवळ त्यांच्या यंत्रासाठीं राखावी आणि तिला दुसऱ्या कोणीहि हात लावूं नये. मुलांचे फोन तिच्यावर भरूं नयेत. तिसरें, इतक्या उंचीवर यंत्राच्या मांडणींत कांहीं बदल हवा काय, हें डॉक्टरांस विचारावें. चौथें आणि सर्वांत आवश्यक म्हणजे रंगीत तालीम. निघण्यापूर्वीं पंधरा दिवस गाडी दारांत उभी करावी, घराची वीजजोडणी काढावी, आणि सहाही जणांनीं दोन रात्री गाडींतच निजावें. भट्टी लावावी, दिवे जाळावे, मातुःश्रींनीं यंत्र लावून निजावें, आणि सकाळीं मापक काय सांगतो तें वहींत लिहावें. हिशेब जमला तर त्यांनीं खुशाल निघावें. न जमला तर पंधरा दिवसांत एक बॅटरी वाढवितां येते. जंगलांत मध्यरात्रीं येत नाहीं. आपल्यामुळें इतरांची ओढाताण होते, असें त्यांच्या मनांत आलें हें वडीलधाऱ्या स्वभावास साजेसेंच आहे. परंतु वरच्या हिशेबांत त्यांच्या यंत्राचे २८० आहेत आणि फ्रिजचे ५४०. फ्रिजनें घरीं राहावें असें कोणी म्हणत नाहीं.

आपल्याकडे ज्या घरीं मोटार-घर नाहीं त्या वाचकांनींहि हा लेख परका मानूं नये. पुष्कळ घरांत जिन्याखालीं इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी असते, आणि तिला वरील बहुतेक नियम तसेच लागू पडतात. महिन्यांतून एकदां पाण्याची पातळी पाहावी. नळाचें पाणी न घालतां ऊर्ध्वपातित पाणीच घालावें, तेंहि बॅटरी भरल्यावर. ती देवघराच्या समईजवळ किंवा बंद कपाटांत ठेवूं नये. आणि वीज गेल्यावर घरांतील कोणकोणत्या गोष्टी चालू राहाव्या, याची यादी वीज असतांनाच करावी. ती करतांना प्रथम वृद्धांच्या, रुग्णांच्या आणि तान्ह्या मुलांच्या खोलींत जावें, मग दिवाणखान्यांत यावें.